न्यायमूर्ती हंसराज खन्ना : एका मताचे मोल



न्यायाधीशाविषयी बोलायचे म्हटले की महाराष्ट्रात पहिले नाव ओठांवर येते ते रामशास्त्री प्रभुण्यांचे. नारायणरावांच्या खुनाला प्रायश्चित्त काय, असे राघोबादादांनी विचारले. देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे शास्त्रीबोवांनी तोंडावर सांगितले आणि ते पुणे सोडून गेले. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती ऐकताना ऊर भरून येतो. परंतु ऊर भरून आला की विचार थांबतो, हा आपला जुना दोष आहे. शास्त्रीबोवा गेले, पण जे विद्वान मागे राहिले त्यांनी काय केले, हे आपण विचारीत नाही. एकाने आपणां सर्वांची लाज राखली, एवढ्यावर आपले समाधान होते.

न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांची गोष्टही याच धर्तीवर सांगता येते, आणि पुष्कळदा तशी सांगितली जाते. आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती बसले. चार सरकारच्या बाजूने गेले, एकटे खन्ना विरुद्ध गेले. त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले, पण नाव राहिले. एवढे सांगून टाळ्या घेता येतील. पण वसंत व्याख्यानांची प्रथा १८७५ साली पुण्यात ज्यांनी पाडली, ते माधवराव रानडेही न्यायाधीशच होते, आणि श्रोत्यांना विचार करावयास लावल्यावाचून त्यांना घरी पाठवू नये, असा त्यांचा कटाक्ष असावा असे मला वाटते. म्हणून मी दोन प्रश्न घेऊन आपणांपुढे उभा आहे. हा माणूस तसा का वागू शकला? आणि बाकीचे चौघे, जे विद्येत यत्किंचितही उणे नव्हते, ते तसे का वागू शकले नाहीत?

खन्नांचा जन्म ३ जुलै १९१२ रोजी अमृतसर येथे झाला. वडील सर्बदयाळ खन्ना हे तेथील वकील. १९१९ च्या एप्रिलात जालियनवाला बागेत गोळीबार झाला तेव्हा हा मुलगा सात वर्षांचाही नव्हता. त्या वेळची चळवळ कशाविरुद्ध होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ती रौलट कायद्याविरुद्ध होती, आणि रौलट कायदा म्हणजे खटला न चालवता माणसास अटकेत ठेवण्याची मुभा. ‘ना वकील, ना अपील, ना दलील’ असे लोक त्याचे वर्णन करीत. पुढे सत्तावन्न वर्षांनी, स्वराज्यात, नेमका हाच प्रश्न त्या गावच्या मुलापुढे न्यायासनावर असताना यावा, हा योग विलक्षण खरा. परंतु त्यावरून खन्ना कोणी बंडखोर पुरुष होते असे समजू नये. त्यांनी अमृतसरला वकिली केली. १९५२ साली ते जिल्हा व सत्र न्यायाधीश झाले. १९६२ साली पंजाब उच्च न्यायालयात गेले. १९६६ साली दिल्लीला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले तेव्हा तेथे आले. १९६९ साली तेथील मुख्य न्यायमूर्ती झाले, आणि सप्टेंबर १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. सरळ, पायरी-पायरीने चढलेली कारकीर्द.

या नोंदींतील सर्वांत कोरडी नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. ती म्हणजे जिल्हा न्यायालयातील दहा वर्षे. मी स्वतः जिल्हा न्यायालयात आयुष्य घालवलेला वकील आहे, म्हणून मला ती तशी वाटत असेल. वरच्या न्यायालयात कायदा ग्रंथांतून बोलतो. खालच्या न्यायालयात तो समोर उभा असतो. त्याच्या हातांत बेड्या असतात, आणि दारापाशी त्याची बायको पोर कडेवर घेऊन ताटकळत असते. फौजदार कागद पुढे करतो आणि न्यायाधीशाला रोज सकाळी तोच प्रश्न विचारावा लागतो : याला कोणत्या कायद्याने धरले? हा प्रश्न विचारण्यात शौर्य नाही. ती सवय आहे. पण सवयीचे एक बरे असते. शौर्य ऐन वेळी दगा देईल, सवय सहसा देत नाही.

खन्ना वृत्तीने मवाळ होते, याचे आणखी एक प्रमाण सांगतो. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. संसदेला घटना वाटेल तशी बदलता येते की नाही, हा वाद होता. तेरा न्यायमूर्तींत सहा एकीकडे व सहा दुसरीकडे असे तट पडले, आणि खन्नांच्या मताने पारडे झुकले. संसदेला घटनेचे कोणतेही कलम बदलता येईल, परंतु घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असे ते म्हणाले; आणि मालमत्तेचा हक्क त्या चौकटीत बसत नाही, असेही म्हणाले. जमीनदार व भांडवलदार यांना त्यात समाधान नव्हते, आणि सर्वाधिकार मागणाऱ्या सरकारलाही नव्हते. त्यांच्या शब्दांवरून मूलभूत हक्कच चौकटीबाहेर गेले असा अर्थही काहींनी काढला; तेव्हा १९७५ च्या नोव्हेंबरात, इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या खटल्यात, आपल्या म्हणण्याचा तसा अर्थ नाही असा खुलासा त्यांनी केला. तात्पर्य, हा तोलूनमापून बोलणारा माणूस होता. अशा माणसाने पुढे एकट्याने ‘नाही’ म्हटले, म्हणून त्या ‘नाही’ला वजन आहे.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांनी, २७ जूनला, राष्ट्रपतींचा आदेश निघाला की अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांतील हक्कांच्या अंमलबजावणीसाठी कोणालाही न्यायालयात जाता येणार नाही. धरपकड चालली होती ती ‘मिसा’ या कायद्याखाली. स्थानबद्धाला कारणे सांगण्याचे बंधन राहिले नव्हते. पुढे पुढे तर ती न्यायालयालाही दाखवायची नाहीत अशी तरतूद झाली. शहा आयोगाने नंतर जो हिशेब दिला, त्याप्रमाणे एकट्या ‘मिसा’खाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली. आपले येरवडा आणि नाशिकचे तुरुंगही त्या दिवसांत भरले होते. या सभागृहातील काही वडीलधाऱ्यांना ते कोणी सांगायला नको.

स्थानबद्धांनी उच्च न्यायालयांत हेबिअस कॉर्पसचे अर्ज केले. या लॅटिन शब्दांचा अर्थ साधा आहे : देह हजर करा. ज्याला धरले त्याला न्यायाधीशापुढे आणा, आणि कोणत्या कायद्याने धरले ते सांगा. सरकारचे उत्तर असे की अर्जच ऐकता येत नाही. राष्ट्रपतींच्या आदेशाने दार बंद झाले आहे. मग धरणाऱ्याने नावाची चूक केली असो, वैर साधले असो, की कायद्याने ज्याला अधिकार नाही अशाने सही केली असो. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी हे म्हणणे फेटाळले. त्यांत दिल्ली होती, अलाहाबाद होते, जबलपूर होते, आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. या निकालांवर सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपिले केली. जबलपूरचे प्रकरण पहिले, म्हणून साऱ्या खटल्याला ‘जबलपूर खटला’ असे नाव पडले.

१९७५ च्या डिसेंबरात सुनावणी सुरू झाली. सरन्यायाधीश रे, आणि न्यायमूर्ती खन्ना, बेग, चंद्रचूड व भगवती असे पाच जण बसले होते. स्थानबद्धांच्या वकिलांत शांतिभूषण होते, सोली सोराबजी होते, आणि आपले सासवडचे विठ्ठलराव तारकुंडेही होते, ज्यांनी १९६९ साली मुंबईचे न्यायमूर्तिपद आपण होऊन सोडले होते. सरकारची बाजू मांडीत होते ॲटर्नी जनरल नीरेन डे. त्यांचे बोलणे चालू असता खन्नांनी एक प्रश्न विचारला. अनुच्छेद २१ मध्ये केवळ स्वातंत्र्य नाही, प्राणही आहे. तेव्हा एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर आपल्या म्हणण्याप्रमाणे त्यालाही दाद नाही काय? डे यांनी उत्तर दिले की, माझ्या युक्तिवादाशी प्रामाणिक राहायचे तर आणीबाणी असेपर्यंत नाही. माझ्या विवेकाला याने धक्का बसतो, असेही ते म्हणाले.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न ऐकताना तो केवळ वकिली कल्पनाविलास वाटेल. पण खटल्याचा निकाल अजून यायचा होता, त्याच सुमारास, १ मार्च १९७६ रोजी, कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलून नेले. त्याचे वडील, प्राध्यापक ईच्चर वारियर, या कचेरीतून त्या कचेरीत मुलाचा ठावठिकाणा विचारीत हिंडले. आणीबाणी उठल्यावर, १९७७ साली, त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला, तेव्हा कोठे उघड झाले की मुलगा पोलिसांच्या ताब्यातच मरण पावला होता. देह हजर करा, असे न्यायालयाने म्हटले. हजर करायला देह उरला नव्हता. त्या प्रकरणी केरळच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खन्नांचा प्रश्न कल्पनेतला नव्हता. तो विचारला जात होता त्याच हिवाळ्यात त्याचे उत्तर तयार होत होते.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार विरुद्ध एक. आता त्या चौघांविषयी बोलतो. त्यांना भेकड म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. पण ते विद्वान होते. यशवंतराव चंद्रचूड तर पुण्याचेच, आणि त्यांच्या बुद्धीविषयी व सौजन्याविषयी कोणी शंका घेतली नाही. त्यांचा युक्तिवाद अगदी नेटका होता. जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये आहे. त्याची अंमलबजावणी राष्ट्रपतींनी थांबवली आहे. म्हणून दार बंद आहे. मग राज्यकर्त्यांनी या सत्तेचा गैरवापर केला तर? तसे घडणार नाही, अशी हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखी कठीण आशा न्यायमूर्ती चंद्रचूडांनी व्यक्त केली. सरकार स्थानबद्धांची जवळजवळ मातेच्या मायेने काळजी घेते, अशा आशयाचे वाक्य न्यायमूर्ती बेग यांच्या निकालपत्रात आहे. मला वाटते, चूक येथेच आहे. सत्ताधारी चांगला असेल या आशेवर ज्याची इमारत उभी आहे, त्याला कायदा म्हणत नाहीत. त्याला कृपा म्हणतात. कृपेवर जगणारा माणूस प्रजा असतो, नागरिक नसतो.

खन्नांनी काय म्हटले? सारांशरूपाने सांगतो. आणीबाणी जाहीर करण्याचा सरकारचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. संकटकाळी माणसाला स्थानबद्ध करता येते, हेही नाकारले नाही. ते एवढेच म्हणाले की, जीवित आणि स्वातंत्र्य यांचा हक्क घटनेने निर्माण केलेला नाही. घटना होण्यापूर्वीही, इंग्रजी अमलातही, कायद्याच्या आधारावाचून कोणाला धरता येत नव्हते. अनुच्छेद २१ क्षणभर पुसून टाकला, तरीही कायद्याच्या आधारावाचून कोणाचा जीव वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला मिळत नाही. तो मिळतो असे म्हटले तर कायद्याचे राज्य आणि बेबंदशाही यांत भेदच उरत नाही. म्हणून स्थानबद्धता खुद्द ‘मिसा’ कायद्याला धरून आहे की नाही, एवढे पाहण्याचा न्यायालयाचा अधिकार शाबूत आहे.

यातील मर्म आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. सातबाराचा उतारा हा जमिनीचा पुरावा आहे, ती जमीन नव्हे. तलाठ्याने दप्तर कुलपात टाकले म्हणून शेत नाहीसे होत नाही. चौघांनी उताऱ्याला जमीन मानले. खन्नांनी शेतात जाऊन बांध पाहिला. दहा वर्षे जिल्हा न्यायालयात जो प्रश्न ते विचारीत आले होते, तोच त्यांनी दिल्लीत विचारला : याला कोणत्या कायद्याने धरले? पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. आणि दुसऱ्याचेही त्यातच आहे. चौघांनी कागदाचा अर्थ विचारला. माणूस कोठे आहे, हे विचारावयाचे राहून गेले.

आपण काय करीत आहोत, हे खन्नांना पुरते ठाऊक होते. निकालापूर्वी हरिद्वारला गंगेकाठी बसले असता, मी एक निकालपत्र तयार केले आहे, त्यापायी माझे सरन्यायाधीशपद जाईल, असे ते आपल्या बहिणीला म्हणाले. ही आठवण त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. आणि तसेच झाले. १९७७ च्या जानेवारीअखेर सरन्यायाधीशाची जागा रिकामी झाली, तेव्हा ज्येष्ठता खन्नांची असूनही ती बेग यांना देण्यात आली. खन्नांनी राजीनामा दिला. निवृत्तीला त्यांना जेमतेम पाच महिने उरले होते. पाच महिन्यांचे पद. एक सही इकडची तिकडे केली असती तर मिळाले असते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. या एकट्या मताने त्या दिवशी काय साधले? एकही स्थानबद्ध सुटला नाही. आणीबाणी गेली ती निवडणुकीने, न्यायालयाने नव्हे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एप्रिल १९७६ मध्ये लिहिले की भारताला स्वातंत्र्याची वाट पुन्हा सापडलीच, तर तेथे कोणीतरी या न्यायमूर्तीचे स्मारक उभारील. परंतु स्मारकाने कोणाचे कुलूप उघडत नाही.

हे मान्य करूनही मी असे म्हणेन की भिन्नमत हे बियाण्यासारखे असते. पेरले त्या दिवशी त्याचे पीक मागू नये. इंग्लंडात १९४१ साली, ऐन महायुद्धात, लॉर्ड ॲटकिन असेच एकटे पडले होते, आणि पुढे चाळीसएक वर्षांनी तेथल्याच न्यायाधीशांनी ॲटकिन बरोबर होते असे मान्य केले. आपल्याकडे पीक त्याहून लवकर येऊ लागले. १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरवले की यापुढे आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी थांबवता येणार नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. तो निकाल देणाऱ्या पीठावर बेग, चंद्रचूड आणि भगवती हे तिघेही होते. म्हणजे ज्यांनी दार लावले, त्यांनीच दोन वर्षांच्या आत ते उघडायला हात लावला. न्यायमूर्ती भगवतींनी तर २०११ साली आपली चूक झाल्याचे उघडपणे कबूल केले. हे सांगताना माझ्या मनात उपहास नाही. चूक कबूल करणे हेही न्यायाचेच काम आहे. परंतु योग्य मत कागदावर आधी नोंदलेले असले, म्हणजे परतीची वाट सापडते. ती वाट खन्नांनी आखून ठेवली होती.

शेवटचे पाऊल २४ ऑगस्ट २०१७ रोजी पडले. खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्द ठरवला. तो चुकीचा होता असे ज्या निकालपत्रात स्पष्टपणे लिहिले आहे, ते लिहिणारे न्यायमूर्ती म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. पित्याच्या निकालाचे माप पुत्राने न्यायासनावरून घ्यावे आणि ते उणे भरले असे सांगावे, हे आपल्या पुराणांतही क्वचितच घडले असेल. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले, तेव्हा त्या खुर्चीवर जे बसले ते संजीव खन्ना, हंसराजांचे पुतणे. घराण्याच्या गोष्टी म्हणून आपणांस त्या गोड वाटतील. मला त्यांत एवढेच दिसते की काळ कधी कधी आपला हिशेब चुकता करतो.

राजीनाम्यानंतर खन्ना कायदा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९७९ साली चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात ते कायदामंत्री झाले आणि तीन दिवसांतच बाहेर पडले. १९८२ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून हरले. त्यांचे चित्र सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या दालनात लावले गेले, तेही त्यांच्या हयातीतच. २५ फेब्रुवारी २००८ रोजी ते वारले.

समारोप करतो. ज्या नऊ उच्च न्यायालयांचा उल्लेख मी केला, तेथील न्यायमूर्तींची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? दिल्लीला कुलदीप नय्यर यांच्या खटल्यात न्यायमूर्ती रंगराजन व न्यायमूर्ती अग्रवाल यांनी स्थानबद्धाच्या बाजूने निकाल दिला. रंगराजन यांची बदली थेट गोहत्तीला झाली. अग्रवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीशाच्या जागेवर पाठवण्यात आले. १९७६ साली एकूण सोळा उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. यांची चित्रे कोठल्या दालनात आहेत, मला माहीत नाही. पण खन्ना एकटे नव्हते, हे त्यांच्यामुळे सिद्ध होते. दिल्लीच्या उंच पीठावर ते एकटे पडले. देशभरच्या न्यायासनांवर त्यांच्या मताचे लोक होते. रामशास्त्र्यांच्या मागे कोण राहिले हे आपण विचारीत नाही, असे मी आरंभी म्हणालो, ते यासाठीच.

आणि आपणही त्यांतलेच होऊ शकतो. मानवी हक्क ही वस्तू दिल्लीला राहते असा आपला समज आहे. ती राहते तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याच्या खोलीत. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत तेथे हजर करावे, असा आपल्या घटनेचा दंडक आहे. तेथे उद्या सकाळी एखादा पारधी किंवा वडार समाजातला तरुण उभा केला जाईल. त्याला वकील नसेल, त्याच्यासाठी कोणी अग्रलेख लिहिणार नाही. फौजदार रिमांडचा कागद पुढे करील. त्या क्षणी न्यायाधीशाने मान वर करून त्या पोराकडे पाहिले आणि विचारले, ‘याला कोणत्या कायद्याने धरले? आणि कधी धरले?’ तर खन्नांचे निकालपत्र जिवंत आहे. नुसती सही झाली, तर त्याचे चित्र कितीही मोठ्या दालनात असो, ते चित्रच आहे. आणि न्यायाधीश विसरला, तर तो प्रश्न विचारणारा एखादा वकील, एखादा शिक्षक, एखादा शेजारी त्या दारात उभा असावा. व्याख्यान ऐकून घरी जाताना आपण प्रत्येकाने एवढाच प्रश्न बरोबर न्यावा, अशी माझी विनंती आहे.